क्षमेचा पाव
(महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



देवळाच्या महोत्सवांत कादंबरीवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न आपल्यांपैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल. आमच्याही मनांत तो आला होता. कादंबरी म्हणजे रिकामटेकड्यांची करमणूक, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत. आणि पुष्कळ कादंबऱ्यांच्या बाबतींत ती खोटी नाहीं. परंतु ज्या पुस्तकाविषयीं आम्ही आज बोलणार आहों, तें आपण तीन वेळां वाचल्याचें दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१३ सालच्या एका मुलाखतींत सांगितलें होतें. त्याचा आरंभ लहानपणीं आजीनें त्यांच्याकडून तोंडपाठ करवून घेतला होता. पुढें २७ मे २०१५ रोजीं, साखरपुडा झालेल्या तरुणतरुणींविषयीं बोलतांना, त्यांनीं हेंच पुस्तक वाचण्याची शिफारस केली. तेव्हां आम्हांस दोष लागलाच, तर तो चांगल्या सोबतींत लागेल.

पुस्तकाचें नांव ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे वाङ्‌निश्चय झालेलीं वधूवरें. कर्ता आलेस्सांद्रो मान्झोनी, जन्म मिलान शहरीं, १७८५. ग्रंथाची पहिली आवृत्ति १८२७ सालीं पुरी झाली; परंतु कर्त्यास आपलीच भाषा पसंत पडेना, म्हणून फ्लॉरेन्सच्या जिवंत बोलीच्या धर्तीवर त्यानें सारें पुस्तक पुन्हा सुधारून १८४० ते १८४२ ह्या काळांत नव्यानें छापविलें. घरांत एक बोली आणि पुस्तकांत दुसरी, ही अडचण काय असते, हें आपल्यांतील लिहिणारांस निराळें सांगावयास नको.

कथा १६२८ सालची. कोमो सरोवराच्या कांठीं, लेक्कोजवळच्या एका खेड्यांत, रेंझो नांवाचा रेशीमकाम करणारा तरुण आणि लुचीया नांवाची मुलगी ह्यांचें लग्न ठरलें आहे. डोन रोद्रीगो नांवाच्या मस्तवाल उमरावाची लुचीयावर वाईट नजर आहे. भाऊबंदाशीं त्यानें तशी पैजच मारलेली. त्याचे दोन हत्यारबंद गडी संध्याकाळच्या वेळीं वाटेंत पाद्रीबुवांस गांठतात आणि हें लग्न लावावयाचें नाहीं म्हणून दरडावतात. पाद्रीबुवा भितात व सबबी सांगूं लागतात. (आमचे फादर समोरच बसले आहेत, त्यांनीं मनावर घेऊं नये. ह्याच पुस्तकांत कार्दिनल फेदेरीगो बोर्रोमेओ त्या पाद्रीबुवांची जी कानउघाडणी करितात, ती मात्र आम्हां सर्वांनींच ऐकण्याजोगी आहे.) पुढें वधूवरांची ताटातूट, मिलानांतील धान्याचा दंगा, १६३० ची प्लेगची सांथ, आणि अखेरीस लग्न. हें सर्व ज्यानें त्यानें स्वतः वाचावें. आम्हांस ह्यांतले दोन प्रसंगच सांगावयाचे आहेत.

पहिला गेर्त्रूद नांवाच्या मुलीचा. तिचा बाप मोठा उमराव. इस्टेट फुटूं नये, सारी थोरल्या मुलाकडे अखंड राहावी, म्हणून बाकीच्या मुलांस मठांत घालण्याचा त्याचा नेम होता. गेर्त्रूद जन्मास येण्यापूर्वींच तिचें ठरून चुकलें होतें. तिला खेळावयास बाहुल्या दिल्या, त्या सुद्धां जोगिणीच्या वेषांतल्या! सहाव्या वर्षीं तिला मठांत शिकावयास पाठविलें. मोठी झाल्यावर ती कांहीं दिवस घरीं आली असतां, घरांतल्या एका पोरसवदा हुजऱ्यास तिनें लिहिलेली चिठ्ठी सांपडली. बापानें तिला खोलींत कोंडलें. कोणी बोलेना, कोणी तिच्याकडे पाहीना. चारपांच दिवसांत ती खचली आणि तिनें बापास क्षमा मागणारें पत्र लिहिलें. बापानें बोलावलें, तिनें पायांवर लोळण घेतली. क्षमा नुसती मागून मिळत नसते, ती पदरांत पाडून घेण्याची लायकी दाखवावी लागते, अशा अर्थाचें बोलून त्यानें आपल्या मनांतली गोष्ट पुढें केली. मुलीच्या तोंडून ‘होय’ निघालें मात्र, तोंच सारें घर फुललें! आई आली, भाऊ आला, लाड झाले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मोठ्या माणसांप्रमाणें तिला चॉकलेटचा पेला देण्यांत आला. त्या ‘होय’ ची किंमत पुढें तिनें, आणि तिच्यामुळें निरपराध लुचीयानें, काय भरली, तें वाचतांना अंगावर कांटा येतो.

बंधुभगिनीहो, त्या बापानें मुलीला क्षमा केली असें म्हणावयाचें काय? त्यानें सौदा केला. आणि तो आपल्यास दूरचा वाटूं नये. आमच्या स्वतःच्या घराण्यांत दोघां भावांचा अबोला आमच्या बाळपणापासून चालत आला. वाटणींत एका विहिरीवरून तंटा झाला होता. दोघेही मिस्साला ह्याच देवळांत येत. एक उजव्या बाजूच्या बांकावर, दुसरे डाव्या. एका नाताळच्या आदल्या दिवशीं धाकट्या काकांनीं माणूस पाठविला. थोरल्या काकांनीं निरोप दिला, “आम्हीं क्षमा केली आहे; आधीं विहिरीचा हिस्सा लिहून द्या, मग घरीं या.” धाकटे काका आले नाहींत. आम्ही तेव्हां लहान होतों, आणि थोरल्या काकांचें म्हणणें आम्हांस अगदीं रास्त वाटलें होतें. पुढें गेर्त्रूदचें प्रकरण वाचलें, तेव्हां आम्हांस प्रथम आठवला तो हा निरोप.

दुसरा प्रसंग लोदोविको नांवाच्या सावकारपुत्राचा. रस्त्यांत भिंतीकडची बाजू कोणीं सोडावयाची, एवढ्या क्षुल्लक मानापानावरून त्याची एका उमरावाशीं गांठ पडली. तलवारी निघाल्या. धन्यास वाचवितांना क्रिस्तोफोरो नांवाचा त्याचा जुना चाकर पडला, आणि लोदोविकोच्या हातून तो उमराव मेला. कापुचिन मठाच्या आश्रयास गेलेला हा तरुण तेथेंच संन्यासी झाला. आपली मालमत्ता त्यानें चाकराच्या बायकोस व आठ मुलांस देऊन टाकली आणि त्याचेंच नांव आपण घेतलें. हें ध्यानांत ठेवावें. कारण क्षमा म्हणजे देणें बुडविणें, अशी कांहीं लोकांची सोयीची समजूत असते. विहिरीचा हिशेब विहिरीच्या ठिकाणीं झालाच पाहिजे.

मग तो मेलेल्याच्या भावाच्या वाड्यांत क्षमा मागावयास गेला. सारा गोतावळा उंची पोषाख करून शत्रूची मानहानि पाहण्यास जमला होता. संन्याशानें गुडघे टेकले. आणि त्याच्या चेहऱ्यावरचा खरा पश्चात्ताप पाहून त्या घमेंडखोर भावाचें मन असें विरघळलें कीं त्यानें त्याला हात देऊन उठविलें. पंगतीचा आग्रह झाला. त्यानें नको म्हटलें. एक पाव मात्र मागून घेतला, क्षमेची खूण म्हणून. त्यांतला तुकडा वाटेंत खाल्ला, उरलेला जन्मभर जवळ बाळगला. इकडे चॉकलेटचा पेला, तिकडे कोरडा पाव! मान्झोनी ह्या दोहोंची तुलना कोठें करीत नाहीं. ती आमची आहे.

हें त्याला कोठून कळलें असावें? सहाव्या वर्षीं घरापासून दूर वसतिगृहांत ठेविलेला मुलगा तो स्वतःच होता. १७९२ सालीं त्याचे आईबाप कायद्यानें विभक्त झाले; पुढें आई कार्लो इंबोनाती ह्या गृहस्थाबरोबर पॅरिसला गेली. १८०५ सालीं इंबोनाती वारले, तेव्हां वीस वर्षांचा मुलगा आईकडे गेला. त्यानंतर १८४१ सालीं ती मरेपर्यंत मायलेकरें एकत्र राहिलीं. १८०८ सालीं त्यानें कॅल्विनपंथी एन्रिकेत्ता ब्लोंदेलशीं लग्न केलें. १८१० सालीं ती कॅथोलिक झाली आणि तोही आपल्या धर्माकडे परतला. लेखकाच्या घरांतल्या गोष्टी पुस्तकांत शोधूं नयेत, असें पंडित म्हणतात. म्हणोत.

अखेर प्लेगच्या सांथींत, मिलानच्या लाझारेत्तोमध्यें, फादर क्रिस्तोफोरो म्हातारे होऊन रोग्यांची सेवा करीत आहेत. रेंझो तेथें लुचीयाला शोधीत येतो, आणि डोन रोद्रीगोचा सूड घेईन म्हणतो. फादर त्याला कडक शब्दांत झिडकारतात, मग हाताला धरून एका खोपटांत नेतात. तेथें डोन रोद्रीगो बेशुद्ध पडला आहे. ज्याच्यावर सूड घ्यावयाचा, तो कांहीं देऊं शकत नाहीं, मागूंही शकत नाहीं! तेथें रेंझो त्याच्यासाठीं प्रार्थना करितो. पुढें फादर तो जुना पाव एका लांकडी डबींत घालून वधूवरांच्या हवालीं करितात, आणि मुलें झालीं म्हणजे त्यांस दाखवा म्हणून सांगतात. अहेर म्हटला तर एवढाच.

आमचे धाकटे काका पावसाळ्यांत वारले. थोरले काका मातीला आले, मूठभर माती टाकली, आणि कोणाशीं न बोलतां घरीं गेले. विहिरीचा कागद त्यानंतर कोणीं मागितला नाहीं.