गुणवत्ता : पारखणें आणि राखणें

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें जातांना मोशी मागें पडली, कीं चाकणच्या अलीकडे कुरुळी हें खेड तालुक्यांतील गांव लागतें. चाकणला बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्यें, तर फोक्सवागनचा २००९ मध्यें सुरू झाला. आणि या सबंध पट्ट्यांत वाहनांचे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने वाढत गेले. ‘क्वालिटी’ हा शब्द तेथील कामगारांच्या रोजच्या बोलण्यांतला आहे. परंतु तयार माल मोजावा, चांगला ठेवावा व वाईट बाजूला काढावा, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळांच्या मनांत असतो. आपण घरीं तांदूळ निवडतों, तसेंच तें त्यांस वाटतें.

तांदळांतला खडा आपण घातलेला नसतो. मालांतला दोष मात्र आपल्याच यंत्रानें घातलेला असतो. तो मागाहून सांपडला, तरी लोखंड, वीज व माणसाचे श्रम गेले ते गेलेच!

एक उदाहरण घेऊं. लेथवर २५ मिलिमीटर व्यासाचे दांडे कातावयाचे आहेत, ०.०२ मिलिमीटर अधिक किंवा उणें चालेल. दर तासाला पांच दांडे मोजावे आणि त्यांची सरासरी कागदावर टिंबानें मांडावी. टिंबें थोडीं खालींवर होणारच. या स्वाभाविक चढउताराच्या सीमा आधींच्या मोजमापांवरून गणितानें काढतां येतात. परंतु टिंबें एकसारखीं वर चढूं लागलीं, तर हत्याराची धार झिजत आहे असें समजावें. त्या घटकेस प्रत्येक दांडा पास होत असतो. तरीहि यंत्र थांबवावयाचें तें तेव्हांच.

हा आलेख अमेरिकेंतील वॉल्टर श्यूहार्ट यांनीं मे १९२४ मध्यें मांडला. १९४७-४८ च्या सुमारास ते भारतांत आले होते, आणि कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटनें या शास्त्राचा आपल्याकडे प्रसार केला.

गणित अवघड नाहीं. अवघड आहे तें माणसाचें मन. यंत्र थांबविल्याबद्दल कामगाराला बोलणीं खावीं लागत असतील, तर टिंबें सदैव सीमेच्या आंतच पडतील. कारण तीं न मोजतांच भरलेलीं असतील. आणि तसा भाग ब्रेकमध्यें बसला, तर त्या खोट्या नोंदीची किंमत घाट उतरणारा कोणी अनोळखी माणूस देईल.

म्हणून खरें सांगणाऱ्यास जेथें भय नाहीं, तेथेंच गुणवत्ता नांदते. शेवटच्या टेबलावर ती पारखतां येईल. राखावी लागते ती यंत्रापाशीं.