श्वास, कर्बवायू आणि अस्थींचे बळ



प्राणवायू आत घ्यावयाचा आणि कर्बवायू बाहेर टाकावयाचा, हे श्वासाचे कार्य शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे कर्बवायू हा निव्वळ टाकाऊ पदार्थ होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दुसऱ्या टोकाला, श्वास रोखून हा वायू शरीरात साठविला की हाडे बळकट होतात, असेही कानी येते. या दोन्ही समजुती शरीरशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिल्या पाहिजेत. यवतमाळ जिल्ह्यात तर त्याची निकड अधिक आहे; कारण येथील अनेक गावांत हाडांवर पाण्याचे आणि श्वासावर धुराचे सावट आहे.

विश्रांत अवस्थेतही प्रौढ माणसाचे शरीर दर मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कर्बवायू निर्माण करते. रक्तातील पाण्याशी त्याचा संयोग होऊन सौम्य आम्ल तयार होते. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राहिला, तरच शरीराचे व्यवहार सुरळीत चालतात. म्हणून मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र प्राणवायूपेक्षा कर्बवायूच्या पातळीवरच अधिक लक्ष ठेवून असते. हाल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ साली हे प्रयोगाने दाखवून दिले.

हाडांचा संबंध येथेच येतो. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते आणि हाडांच्या खनिजात ४ ते ८ टक्के कार्बोनेट असते. रक्तातील आम्लता दीर्घकाळ वाढलेली राहिली, तर तिचा तोल सावरण्यासाठी हा साठा खर्ची पडतो. हाडे झिजविणाऱ्या पेशीही अधिक सक्रिय होतात. मात्र उंदरांच्या हाडांवरील प्रयोगांत असे आढळले, की कर्बवायूमुळे वाढलेली आम्लता ही चयापचयाच्या बिघाडातून आलेल्या आम्लतेपेक्षा हाडांतील कॅल्शियम कमी काढून घेते. शिवाय मूत्रपिंडे काही दिवसांत बराचसा तोल सावरतात. तात्पर्य, कर्बवायू हाडांचा वैरी नाही आणि त्यांचे टॉनिकही नाही.

याउलट, फार वेगाने श्वास घेतल्यास कर्बवायू गरजेपेक्षा अधिक बाहेर जातो. रक्त अल्कधर्मी होते, त्यातील मोकळे कॅल्शियम प्रथिनांना चिकटते आणि बोटांना मुंग्या येतात, क्वचित हात आखडतात. श्वास संथ होताच हे ओसरते. भस्त्रिकेचा अतिरेक करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी प्राणायामातील वायूंची प्रत्यक्ष मोजमापे केली. प्राणायामाने शरीरात पुष्कळ जादा प्राणवायू भरला जातो, ही समजूत त्यांनी त्या आधारे नाकारली. परंपरेवर श्रद्धा ठेवून तिची परीक्षा करण्याचा हा वस्तुपाठ आजही अनुकरणीय आहे.

आता जिल्ह्याकडे वळू. पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण धोकादायक असल्याचा शोधनिबंध २००७ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. यातही कर्बवायूचा हात आहे. मुळांच्या श्वसनाने मातीत साठलेला कर्बवायू पावसाच्या पाण्यात विरघळतो, त्यातून बायकार्बोनेट बनते. असे पाणी खडकात दीर्घकाळ मुरले आणि त्यातील कॅल्शियम कमी झाले, की खडकातील फ्लोराइड त्यात सहज उतरते. विंधन विहिरीच्या पाण्याची म्हणूनच विशेष काळजी घ्यावी लागते.

भारतात हा विकार १९३७ साली नेल्लोर भागात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम नोंदविला. यात हाडे तपासणीत अधिक घन दिसतात, पण ती ठिसूळ होतात. याचा खणखणीत पुरावा १९९० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या चाचणीतून मिळाला. अस्थिविरळता झालेल्या स्त्रियांना चार वर्षे फ्लोराइड दिल्यावर मणक्यांची घनता सुमारे ३५ टक्के वाढली. मात्र मणक्यांचे अस्थिभंग लक्षणीय घटले नाहीत आणि इतर हाडांचे वाढले. दाटपणा आणि बळकटी यांतील अंतर यातून स्पष्ट होते. विकार बळावल्यावर फासळ्यांचे सांधे आणि बंध कठीण होतात, छाती फुलेनाशी होते आणि सारा भार पोटाच्या श्वासावर येतो.

दुसरे संकट चुलीचे. वर्षानुवर्षे सरपणाचा धूर घेणाऱ्या माउलीच्या श्वासनलिका आकुंचित होतात आणि पुढच्या अवस्थेत कर्बवायू शरीरात साचू लागतो. अशा रुग्णांत हाडांची विरळता वारंवार आढळते. तिची मुख्य कारणे मात्र घटलेले वजन, कमी हालचाल, सूर्यप्रकाशाचा अभाव आणि स्टेरॉइडचा दीर्घ वापर ही आहेत. दम्यावरच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते; तात्काळ आराम पडतो आणि हाडे आतून पोखरली जातात.

मग करावे काय? गावातील प्रत्येक जलस्रोताची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावे. अन्य स्रोत नसेल तेव्हाच १.५ पर्यंत चालते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटी आणि चुना वापरून ते कमी करण्याची 'नळगोंडा पद्धत' नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केली आहे. शाळेतील मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे वा तपकिरी पट्टे दिसले, तर तो पहिला इशारा समजावा. आहारात दूध, दही, तीळ, शेवग्याची पाने असावीत. स्वयंपाकघरातून धूर जाईल याची तजवीज व्हावी. रोज चालावे, जमेल ते अंगमेहनतीचे काम करावे. हाडांना बळ येते ते त्यांच्यावर पडणाऱ्या भाराने. प्राणायाम संथपणे, दमाच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याने, अवश्य करावा. पण तो दूषित पाण्यावरचा उतारा मानू नये.

एका कार्यकर्त्याने एका हातपंपाच्या पाण्याचा अहवाल आणून ग्रामसभेत वाचून दाखविला, तरी त्या वस्तीतील मुलांच्या अस्थींचे पुढील अर्धशतकाचे भवितव्य बदलू शकते. सेवेचे यापेक्षा सोपे आणि यापेक्षा मोठे काम शोधावे लागणार नाही.