बाळ रडलं नाही म्हणून
(अकोले तालुक्यातल्या वाडी-बैठकीत केलेलं भाषण, बोललो तसंच)



आजची बैठक दाव्यांची. नकाशे, पुरावे, मोजणी यांचं बोलून झालं. आता आम्ही बायका बाळंतपणाचं बोलणार. दादांनी बिडी ओढायला उठू नये, हे तुमच्याच दाव्याचं बोलणं आहे.

गेल्या पावसाळ्यात वरच्या एका वाडीतली पहिलटकरीण. कळा सांजच्याला सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुटका नाही. डोली केली, पण ओढ्याला पूर. डोली माघारी फिरली, घरातच बाळंत झाली. पोरगं निळं, लुळं, रडेना. सुईणबाईनं रीतीप्रमाणे वार शेकली. बऱ्याच वेळानं त्यानं श्वास घेतला. आज ते वर्षाचं होत आलंय, मान धरत नाही. लोक म्हणतात बाहेरचं झालं, आईनं काही ओलांडलं. आईचा काही दोष नाही. त्याला हवा कमी पडली.

पोटात असताना बाळ छातीनं श्वास घेत नाही. आईच्या रक्तातली हवा वारेतून, नाळेतून त्याला मिळते. कळ आली की वारेकडचं रक्त कमी होतं, कळ ओसरली की पुन्हा येतं. कळा फार लांबल्या, नाळ दाबली गेली, तर मधला विसावाच मिळत नाही. म्हणून कळा वाढवायची सुई घरी टोचून घेऊ नका. तिनं कळेवर कळ येते आणि बाळ आत गुदमरतं. पैसे घेऊन ही सुई मारणारे आपल्याकडं फिरतात, त्यांना दारातूनच परत लावा.

शंभरातली दहाएक बाळं जन्मल्यावर थोड्या मदतीनं श्वास घेतात. मदत म्हंजे काय? कोरड्या फडक्यानं पुसायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्यात उबेला ठेवायचं, आधी तोंड मग नाक साफ करायचं, पाठ चोळायची. उलटं टांगायचं नाही, थपडा नाहीत, गार पाणी नाही. एवढ्यानं श्वास आला नाही तर पहिल्या मिनिटातच मुखवट्याच्या पिशवीनं छातीत हवा भरायची. ते शिकलेल्या माणसाचं काम. सुईणीला हसू नका. ठोके चालू असताना ती नाळ तोडायची घाई करत नाही, ते शहाणपणच आहे. पण वार शेकून छातीत हवा जात नाही, आणि मिनिटं तिथंच जातात.

हे काम फक्त डॉक्टरच करू शकतो असं कुणी सांगितलं तर गडचिरोलीचं नाव घ्या. तिथं अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत थोडं शिकलेल्या गावच्याच बायांना तयार केलं. त्या सुईणीबरोबर बाळंतपणाला बसायच्या. हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती, ती १९९८ पर्यंत २५ वर आली. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून अक्षरओळख नसलेल्या बायांनाही आरोग्याचं काम शिकवलं. मग आपल्या आशाताईच्या हातात ती पिशवी आणि शिक्षण का नको?

पण पिशवीनं सगळं भागत नाही. अडलेली बाई राजूरला पोचलीच पाहिजे, आणि मध्ये तो ओढा आहे. १९८६ ला अभयारण्य झालं. रस्ता मागितला की आपल्याला वनाची जमीन दाखवतात. आता वनहक्क कायद्याचं कलम ३(२) त्यांना दाखवायचं. रस्ता, दवाखाना, अंगणवाडी धरून १३ कामांना वनजमीन देता येते. अट एवढीच की एका कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. शिफारस आपली आहे, साहेबाची नाही. तरी आजवर आपण नुसते शेताचे दावे भरले, याचा ठराव कुणी मांडला नाही. आम्हीही नाही, हे कबूल.

म्हणून ठराव लिहून आणलाय. दोनच कामं आहेत, ओढ्यापासून वाडीपर्यंतचा रस्ता आणि आरोग्य उपकेंद्राची जागा. वाचून दाखवतो, चुकलं असेल तर आत्ताच सांगा. आणि ह्या वेळी अंगठे आधी बायांचे.