होमिओपॅथ व्हायचंय? मग होमिओपॅथच व्हा

आज सभागृहात पालक जास्त दिसताहेत. नीटची परीक्षा झाली, निकाल यायचा आहे आणि घरोघरी एकच हिशेब चाललाय: एमबीबीएस नाही मिळालं तर बीएएमएस, तेही नाही जमलं तर बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथी. मी कोल्हापुरात होमिओपॅथीचा दवाखाना चालवतो. मला बोलायचंय ते या उतरत्या हिशेबाबद्दलच.

अभ्यासक्रम सोपा आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. शरीररचना, पॅथॉलॉजी, स्त्रीरोग हे सगळं आहेच. त्यावर होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचं ‘ऑर्गेनॉन’, मटेरिया मेडिका, रेपर्टरी. आपल्या शहरात वेणुताई यशवंतराव चव्हाण महाविद्यालय आहे, जयसिंगपूर आणि मिरजेलाही महाविद्यालयं आहेत. परीक्षा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. एमडी करायचं तर आणखी तीन वर्षं.

खरी परीक्षा पाटी लावल्यावर सुरू होते. शाहूवाडी-गगनबावड्याकडच्या गावाला फक्त ‘डॉक्टर’ हवा असतो. अंगात ताप, उद्या ऊसतोडीला जायचंय, सुई मारा आणि मोकळं करा. डॉक्टरच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असतं. मग पेटीतल्या गोळ्या पेटीतच राहतात आणि चिठ्ठीवर अँटिबायोटिक येतं. कुणी खासगी रुग्णालयात निवासी डॉक्टर (आरएमओ) होऊन रात्रपाळ्या करतो. या मुलांना मी दोष देत नाही. पण हे शिकण्यासाठी त्यांनी साडेपाच वर्षं दिली नव्हती.

आणि यात धोका आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा खटल्यात ॲलोपॅथीची औषधं देणाऱ्या मुंबईतल्या होमिओपॅथला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं. रुग्ण दगावला होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला: आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण केलेल्यांना ठरावीक मर्यादेत ती औषधं देण्याची मुभा दिली. ॲलोपॅथी डॉक्टरांची संघटना आयएमए त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. २०२५ मध्ये अशा डॉक्टरांच्या नोंदणीवरून पुन्हा वाद पेटला आणि १८ सप्टेंबरला आयएमएने राज्यभर संप केला. ज्या वाटेवर अजून इतकी ओढाताण आहे, तिच्या भरवशावर अठरा वर्षांच्या मुलाचं आयुष्य आखू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता माझ्याच शास्त्राबद्दल. ३० पोटेन्सीचं औषध म्हणजे एकास शंभर असं तीस वेळा पातळ केलेलं. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता जवळपास संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं की, होमिओपॅथी परिणामकारक ठरल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत मिळत नाही. तुमच्या मुलाला हे आधी माहीत हवं. कॉलेजात गेल्यावर कुणा एमबीबीएसवाल्याकडून टोमणा म्हणून ऐकायला मिळू नये. हे वाचून, पचवून ज्याला तरीही यात यावंसं वाटतं, तोच पुढे टिकतो.

टिकणाऱ्यांकडे काय असतं, तर केस घेण्याची शिस्त. रुग्णाची झोप, भूक, भीती, घरातली भांडणं, आईचं आजारपण, सगळं विचारायचं आणि लिहून ठेवायचं. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रांग इतकी असते की तिथल्या डॉक्टरला इच्छा असूनही हे जमत नाही. वर्षानुवर्षं खाज घेऊन हिंडणारी बाई कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं म्हणून रडते, हे मी पाहिलंय. पण त्याच ऐकण्यातून छातीतली कळ, मुलाचं घटणारं वजन, न थांबणारा रक्तस्राव कळतो. अशा वेळी गोळी बाजूला ठेवून त्याच दिवशी सीपीआर या सरकारी रुग्णालयात पाठवायचं. मधुमेह्याचं इन्सुलिन, क्षयाची औषधं आपल्या शब्दावर कधीही बंद होता कामा नयेत. होमिओपॅथची पारख मी यावरून करतो.

पालकांनो, ऑप्शन फॉर्म भरण्याआधी मुलाला एखाद्या चालत्या होमिओपॅथी दवाखान्यात आठवडाभर बसवा. डॉक्टरला उत्पन्न विचारा, रुग्ण पुढे कधी पाठवता तेही विचारा. आठवड्यानंतर मुलगा कंटाळला तर सीट मिळत असली तरी घेऊ नका.