भुसा हलका, भाडं जड

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात चहाचा कप उचलताना त्यातल्या दुधामागचा भुसा सहसा कुणाला आठवत नाही. सीहोर, रायसेन, विदिशा हा गव्हाचा पट्टा शहराला लागूनच आहे. पण हार्वेस्टरने कापणी झाली की बरंचसं काड शेतातच उभं राहतं. त्याचा भुसा करायला स्ट्रॉ रीपर फिरवावा लागतो. नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस आला तर भिजलेला भुसा काळा पडतो, बुरशी धरतो, जनावरं त्याला तोंड लावत नाहीत. उष्णताही अशीच नडते: 2022 चा मार्च हा देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला; उत्तर भारतात गव्हाला फटका बसला आणि भुशाचे भाव चढले.

भाड्याचं गणित वेगळंच. सुटा भुसा जागा फार खातो. ताडपत्रीखाली फुगलेला ट्रक अर्धा रस्ता अडवतो, वजनकाट्यावर मात्र हलकाच भरतो. भाडं पूर्ण खेपेचं, म्हणून डिझेल वाढलं की क्विंटलमागे बोजा चटकन वाढतो. हिरव्या चाऱ्यात तर बहुतांश पाणीच. तो लांबून आणणं परवडत नाही. म्हणून गोठेवाल्यांनी कापणीनंतर लगेच, माल कोरडा असतानाच, दाबून बांधलेले गठ्ठे घेऊन पावसाळ्याची बेगमी करावी.