फ्लामेंको गिटारच्या तारा : तात, नायलॉन आणि कार्बन

स्पेनच्या दक्षिणेस आंदालुसिया नांवाचा प्रांत आहे. तेथील फ्लामेंको संगीतांत गाणें, नाच आणि गिटार हीं तीनहि एकत्र नांदतात. त्यांत गिटारवादकाचें मूळ काम गायकास व नर्तकास साथ देणें हें होय. पावलांच्या ठेक्याबरोबर स्वर चटकन् उमटावा आणि गायकाचा आवाज झांकण्यापूर्वीं तो विरून जावा, अशी या वाद्याकडून अपेक्षा असते. ती पुरी होणें पुष्कळ अंशीं तीन तारांवर अवलंबून आहे. गिटारीच्या सहा तारांपैकीं खालच्या स्वरांच्या तीन तारांवर धातूचें वेष्टण असतें. वरच्या स्वरांच्या उरलेल्या तीन तारा साध्या असतात. त्या कोणत्या द्रव्याच्या असाव्यात, याचाच हा विचार आहे.

प्रथम या तारा तातीच्या असत. जनावरांच्या आंतड्यांना पीळ देऊन केलेली ही तार सारंगीमुळें मराठी श्रोत्यांनाहि परिचित आहे. तातीचा स्वर उबदार आणि सुस्पष्ट असतो. परंतु दमट हवेंत ती ओलावा शोषते व स्वरांतून ढळते. नखांच्या आघातानें तिचे तंतू सुटतात, आणि ऐन रंगांत ती तुटतेहि. बोटें एकामागून एक उलगडून सर्व तारांवर झोड उठविणें, ज्याला स्पेनमध्यें रास्गेआदो म्हणतात, तें ज्या वादनाचें मुख्य अंग, त्या वादनास ही तार खर्चाची पडणारच. रामोन मोंतोया या थोर वादकानें १९३६ सालीं पॅरिस येथें ध्वनिमुद्रण केलें, तेव्हां तातीला दुसरा पर्याय निघालेला नव्हता.

हा पर्याय पुढें आला तो युद्धामुळें. दुसऱ्या महायुद्धांत शस्त्रक्रियेच्या टांक्यांसाठीं तात लागूं लागली आणि वादकांना ती दुर्मिळ झाली. वॉलेस कॅरदर्स या रसायनशास्त्रज्ञानें अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९३५ सालीं नायलॉन सिद्ध केलें होतें. न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन या वाद्यकारानें त्याच्या तारा बनविल्या, सेगोव्हियासारख्या विख्यात वादकानें त्यांचा पुरस्कार केला, आणि १९५० पूर्वींच त्या बाजारांत आल्या. नायलॉन टिकाऊ, गुळगुळीत आणि स्वस्त. फ्लामेंको वादकांनींहि तें स्वीकारलें.

तथापि या सोयीची किंमत तिसऱ्या तारेनें दिली. तारेचा स्वर तिची लांबी, तिचा ताण आणि दर इंचाचें वजन यांवर ठरतो. गिटारीवर लांबी सुमारें ६५ सेंटिमीटर ठरलेली, आणि ताणहि फारसा बदलतां येत नाहीं. म्हणून द्रव्य हलकें असेल, तर तार जाड घ्यावी लागते. नायलॉन पाण्याहून किंचितच जड आहे. त्याची पहिली तार सुमारें ०.७ मिलिमीटर जाडीची, तर तिसरी १ मिलिमीटरच्या घरांत जाते. जाड तार ताठ असते. ताठपणानें उपस्वर क्षीण होतात आणि किंचित सुराबाहेरहि जातात. तात नायलॉनहून जड असल्यानें तिची तिसरी तार बारीक राही व मोकळी बोले. नायलॉनची तिसरी तार मात्र बोथट वाटते.

या उणीवेवर उपाय म्हणून मासे पकडण्याच्या दोऱ्यांत वापरलें जाणारें एक फ्लोरिनयुक्त प्लास्टिक वाद्यावर आलें. त्यास वादक ‘कार्बन’ म्हणतात. पण कार्बनच्या धाग्यांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तें पाण्याच्या सुमारें १.७८ पट जड असल्यानें तेवढ्याच ताणासाठीं तार जवळजवळ एकपंचमांशानें बारीक चालते. अशी तार तत्काळ बोलते, आणि ओलावा फारसा शोषीत नसल्यानें दमट हवेंत सुरांत राहते. दोन बोटांनीं आळीपाळीनें घेतलेल्या द्रुत ताना तिच्यावर दाणेदार उमटतात. परंतु फ्लामेंको गिटार सायप्रसच्या हलक्या लाकडाची, मुळांतच तेजस्वी आवाजाची. तिच्यावर पहिली तारहि कार्बनची चढविली, तर स्वर कर्कश होण्याचा संभव असतो. शिवाय बारीक तार बोटांस रुतते.

म्हणूनच अनेक वादक पहिल्या दोन तारा नायलॉनच्या ठेवून तिसरी तेवढी कार्बनची लावतात. ही तडजोड शास्त्रास धरून आहे, कारण उणीव जेथें होती तेथेंच उपाय केला जातो. मात्र एकाच गिटारीचा अनुभव दुसरीस लागू पडेलच असें नाहीं. एकट्यानें वाजवितांना जी तार सर्वांत झगझगीत वाटते, तीच गायकाच्या शेजारीं बसल्यावर त्याच्या स्वरावर कुरघोडी करूं शकते. तेव्हां तारेची खरी पारख साथीच्या वेळींच करावी, हें उत्तम.