कायदा काढला तर फावेल कुणाचं?

कॉपीराइटचा कायदाच काढून टाका, असं म्हणणारी मंडळी हल्ली वाढली आहेत. ज्ञान सगळ्यांचं, मग त्याला कुंपण कशाला, असा त्यांचा सवाल. जबलपुरात त्याचं उत्तर घरच्या घरी सापडतं.

आपला कॉपीराइट कायदा 1957 सालचा. हिंदी व्यंगलेखक हरिशंकर परसाईंनी शाळेतली नोकरी सोडून लेखणीवर पोट भरायचं ठरवलं तेही त्याच वर्षी. जबलपूरच्या नेपियर टाउनात राहून त्यांनी ते निभावलं. आता सदराचं मानधन मिळतं एकदाच. पुढे संग्रह निघतो, आवृत्त्या होतात, तेव्हा कुठे रॉयल्टी सुरू होते. कायदा नसता तर तो संग्रह कुणीही छापला असता, आणि ज्याचा छापखाना मोठा, वितरक जास्त, त्याचीच प्रत दुकानात आधी पोचली असती. परसाईंना त्यातून दमडीही देणं त्याच्यावर बंधनकारक नसतं.

नाटकाचा निर्माता तिकीटबारीवर तगेल. रंगलेल्या प्रयोगाची नक्कल करता येत नाही. नाटककाराचं प्रयोगागणिक मानधन मात्र बुडेल. आणि सिनेमाचे गीतकार? त्यांची तर कायदा असतानाच परवड झाली. एकरकमी पैसे घ्यायचे, सगळे हक्क लिहून द्यायचे. गाणं पुढे जन्मभर रेडिओवर वाजलं तरी हात रिकामेच. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा निर्मात्याला असा लिहून घेता येत नाही. दुबळ्याला कायदा लागतो तो असा.

तरी मी या कायद्याचा भाट नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राखणं हा अतिरेक आहे. आधी मुदत पन्नासच होती. रवींद्रनाथ 1941 साली गेले. 1991 अखेर त्यांचं साहित्य मोकळं होणार, तोच सरकारने ऐन वेळी दहा वर्षं वाढवली, आणि तीही सरसकट सगळ्यांना. भुर्दंड आपल्यालाही पडला. साने गुरुजी 1950 साली गेले. त्यांची 'श्यामची आई' 2001 ऐवजी 2011 साली मोकळी झाली. मग अनेक प्रकाशकांनी ती काढली. काही आवृत्त्यांचा कागद पिवळट, मुद्राराक्षसाचा धुमाकूळ. पण शाळकरी पोराच्या खिशाला परवडेल अशी प्रत मिळू लागली. जबलपूरच्याच कवयित्री सुभद्राकुमारी चौहान 1948 साली गेल्या; झाशीच्या राणीवरची त्यांची कविता 2009 पासून सर्वांची आहे. त्यात कुणाचं काय बिघडलं?

म्हणून माझं मागणं एवढंच: कायदा राहू द्या, मुदत पुन्हा पन्नासवर आणा. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात तेवढी बसते. तसं झालं तर परसाई 2056 ऐवजी 2046 साली मोकळे होतील. तोवर मोबाइलवर आलेली नव्या पुस्तकाची पीडीएफ पुढे ढकलू नका. पुस्तक विकत घ्या, नाहीतर वाचनालयातून आणा.